बुटाला लावलेली आर

नवरा गेल्यावर मी खालापूरला बदली मागून घेतली. मुलगी बंगळूरला नोकरीला. शुक्रवारी कचेरी सुटली की सोमवारपर्यंत दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नसे. उन्हाळ्यात एकदा फिरत फिरत गावाबाहेर गेले, तिथे घोडे दिसले, आणि पन्नाशी उलटलेली असताना चक्क घोडेस्वारी शिकायला लागले.

शिकवणारी जवळच्याच गावातली, शेतकऱ्याची मुलगी, तिशीतली. मला दिलेली घोडी संथ. टाच मारली तरी नुसते कान हलवून उभी राहायची. पाऊस सरल्यावर एका रविवारी शिकवणारीने माझ्या बुटांना स्पर बांधले. टाचेमागे बोटाच्या पेराएवढी बोथट लोखंडी आर.

"आता पाय डगमगत नाय तुमचा, म्हणून देते मॅडम. आधी पोटरीनं सांगायचं. नायच ऐकलं तर हलकीच टेकवायची. टोचायची नाय."

टेकवली. घोडी अशी झोकात चालायला लागली की मला हसूच आलं. माझं इतकं हळू बोललेलं कुणीतरी कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं.

दिवाळीआधीच्या रविवारी निघतानाच मुलीचा फोन आला. सुट्टी मिळाली नव्हती. "असू दे गं," म्हणाले आणि गेले. घोडीवर बसले तरी डोक्यात तेच. पाय कधी आवळले गेले कळलं नाही. दोन्ही आरा बरगड्यांत रुतल्या, घोडी उसळली आणि मी मातीत.

शिकवणारी धावत आली. मला उठवून बसवलं, मग घोडीच्या कुशीवरून बोटं फिरवली. "रक्त नाय. केस घासलेत थोडे." माझ्यासमोर उकिडवी बसून ती स्परचे पट्टे सोडू लागली.

"लागलं का?"

"नाही," म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. "मुलगी येणार नाही दिवाळीला."

पट्टे सुटले तरी माझा पाय तिने तसाच हातात धरून ठेवला.

पुढच्या रविवारी खोगीर चढवताना घोडीने अंग चोरलं. मी बसले नाही. लगाम धरून कुंपणाच्या कडेने तिला चालवत राहिले. संध्याकाळी मुलीने व्हिडिओ कॉल केला.

"आई, कंबर का धरलीयेस?"

"घोड्यावरून पडले होते."

"घोड्यावरून? तू?"

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पहिल्यापासून सांगत गेले. फोन ठेवल्यावर खोलीत पुन्हा हायवेवरच्या ट्रकांचा तेवढा आवाज उरला.