लेसरच्या खाटेवरची झोप

आमच्या बायकोला बसलेलं मी कमीच पाहिलं. जेवायचीसुद्धा उभ्यानं, हातात भाकर, डोळा चुलीवर. कुरुंद्याला आमच्या वावरात हळद निघाली की दिवसभर वाकून कंद वेचायची. बाया विचारायच्या, "तुही कंबर हाय का लोखंड?" तर म्हणायची, "लोखंडाचं बरं असतंय माय. गंजलं की लोक फेकून तरी देतेत."

मग ती कंबर धरलीच. गोळ्या झाल्या, मालिश झाली. दोन हजार सालाच्या पुढंमागं वसमतला एक डॉक्टर आला. ॲक्युपंक्चरवाला, पण सुई न टोचता त्याच जागांवर लेसरचा लाल उजेड लावायचा. पेनाएवढी नळी, कंबरेवर टेकवायची, नाहीतर गुडघ्याच्या मागं. ना टोचणं, ना पोळणं. माझं डोकंच फिरायचं. "दुखतेय कंबर अन् दिवा दावतो गुडघ्याला! डोळे फुटले का त्याचे?"

"तुमी गप बसा," ती म्हणायची. "मला बरं वाटून राहिलं."

एकदा मी सोबत गेलो. भांडायलाच गेलो होतो. वसमतची लाईट गेलेली, मशीन बंद, आणि ही पडद्यामागं खाटेवर पालथी पडून घोरत होती. मी डॉक्टरवर ओरडलो, "काय नाटक लावलं हे?"

तो हळूच म्हणाला, "काका, आज उपचार झालाच नाही. मावशींना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, पडू द्या जरा. आणि खरं सांगू? लेसरनं कोणाला फरक पडतो, कोणाला नाही. त्यांचं वाकणं कमी करा."

एसटीत मी भडकलो. "दिवा न्हाई तर बरं कशानं वाटतंय गं?"

"तिथं पडलं की कोणी ऊठ म्हणत न्हाई."

"मग घरी पडायचं! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मी घरी पडले अन् तुमी च्या मागितला न्हाई, असा एक दिवस सांगा."

मागच्या बाकावरच्या बाया फिदीफिदी हसल्या. मला राग आला. अजून येतो. एवढं बोलायला तिला वसमतहून परतायची एसटी लागावी?

पुढं तो डॉक्टर गाव सोडून गेला. तिची पडायची जागा गेली. ही पुन्हा वावरात वाकली.

ती तापानं गेली. दहाव्याला भावकी जमली. जो तो माझ्याजवळ येऊन म्हणे, "सुटली बिचारी. आता आराम मिळाला तिला."

मी उठलो अन् सगळ्यांसमोर बोललो, "कशाची सुटली? मरायचं नव्हतं तिला. घटकाभर पडायचं होतं. पडून, मग उठायचं होतं."