अनंत माझा, चित्र नलूचं

नलू आज सकाळी गेली. आणि मी अजून तिच्यावर चिडलेलीच आहे.

फुलांची चित्रं काढायचा बदलापूरचा तो क्लास मी शोधला होता. रिटायर झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून शेजारच्या नलूला सोबत ओढून मीच नेलं.

कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगचं बक्षीस मला मिळायचं. नलूला साधी रांगोळी धड यायची नाही.

अंबरनाथला आमच्या बिल्डिंगखाली अनंत आहे ना, तोही मीच लावलेला.

क्लासच्या दिवशी मी दोघींसाठी फांद्या कापायची. वरच्या, टवटवीत. पानं पुसून द्यायची.

"ही नको गं. ती खालची दे."

"अगं, तिचं पान अळीने खाल्लंय!"

"म्हणून तर."

अनंताचं फूल सकाळी पांढरं, संध्याकाळी पिवळं. त्यामुळे हात भरभर चालवावा लागतो. मी पाकळ्या कशा एकसारख्या काढायची! नलू भोकं काढत बसायची. भोकांची करपलेली कडसुद्धा.

सर माझं चित्र बघून म्हणाले, "मॅडम, हे फूल साडीवर छान दिसेल."

मग उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या हॉलमध्ये, क्लासचं प्रदर्शन लागलं.

नलूचं चित्र दारातच. माझं वॉटर कूलरशेजारी.

एका सिंधी आजींनी चष्मा लावला आणि नलूच्या चित्रातल्या भोकावर चक्क बोट ठेवून बघितलं. "अरे, ये तो सच में कीड़ा खा गया है!"

माझ्या चित्रापाशीही लोक थांबले. पाणी प्यायला.

"माझ्या झाडाची जगभर बदनामी केलीस," मी नलूला म्हटलं.

"फेमस केलं बाई तुझ्या झाडाला. थँक्यू म्हण."

म्हटलं नाही. का म्हणायचं? झाड माझं, फांदी माझी, क्लास माझा. आणि टाळ्या हिला!

आज खाली सगळे झेंडूचे हार घेऊन उभे होते. मी कात्री घेऊन अनंताकडे गेले.

सवयीने हात वरच्या फांदीकडे गेला.

मग खालची कापली. पानं पुसली नाहीत.

तिच्या उशाशी ठेवली, तर तिची सून हळूच म्हणाली, "काकू, हे पान किडलंय. काढून टाकू?"

"हात लावू नकोस त्याला."

जरा जोरातच बोलले. सगळे बघायला लागले. बघू देत.

थँक्यू, नलू. नीट जा.

झाड मात्र माझंच आहे.