मायचा भुरका

आमच्या घरी कॉफी कोणी पीत नव्हतं. माय-बाप चिखलदऱ्याला लोकांच्या बागेत कॉफीची फळं तोडायचे आणि मजुरी वजनावर मिळायची. ज्या दिवशी कामाचं बोलावणं नसे, त्या रात्री कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायची. माय चहा बशीत ओतायची आणि मोठा भुरका मारायची. तो ऐकू आला की आजचा दिवस निभला, असं आम्ही भावंडं समजायचो.

त्या घरातून कॉलेज केलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेनंच सांगते. अमरावतीची डिग्री, पुण्याची नोकरी, मग इंग्लंडमधलं क्रॉयडनचं ऑफिस. इथला कायमचा व्हिसा हाती आल्यावर नोकरी सोडली आणि साउथहॅम्प्टनला कॉफीचा धंदा टाकला. कारण गावचंच होतं. आमच्या लोकांच्या आता स्वतःच्या लहान बागा होत्या, आणि कॉफीवर सावली धरणारे जुने आंबे, जांभळं तोडून लाकूड विका, असं एक ठेकेदार त्यांच्या मागे लागला होता. ती झाडं गेली की जंगल आणखी मागे सरकणार. मी शब्द दिला, झाडं ठेवा, सगळा माल मी चांगल्या भावानं उचलते. शब्द देऊन बसले, पण घेणारं गिऱ्हाईक कुठे होतं?

त्याच सुमारास माय पहिल्यांदा इकडे आली. एकदा शेजारचं जोडपं चहाला आलेलं असताना तिनं बशीत चहा ओतून भुरका मारला. ते दोघं हसले. कौतुकानंही असेल, पण मी मराठीत, दात आवळून म्हटलं, "माय, इथं असा आवाज नसतात करत." तिनं बशी बाजूला सरकवली. त्यानंतर चहा निवू द्यायची आणि कपातून गुपचूप प्यायची.

खरं तर माझं पोटच भुरक्यावर चालतं. कॉफी पारखताना चमच्यातून जोरात ओढायची असते, म्हणजे चव तोंडभर पसरते. ते शिकायला मी फी भरून कोर्स केलाय. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. माय त्याच्याखालीच बसून तो गार चहा प्यायची, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

मग लेस्टरच्या एका कॅफेवालीनं आमची कॉफी चाखायला बोलावलं. तिची बरीच कॅफे होती. तिनं घेतली तर गावचा वर्षाचा माल निघणार, नाहीतर कुऱ्हाड ठरलेली. ही फळं तोडलेली बाई माझ्या घरातच आहे हे कळल्यावर तिनं मायलाही आणायला सांगितलं. मीही नेलं. तेवढंच वजन पडेल, असा हिशेब होता माझा.

टेबलाभोवती सगळे भुरके मारत होते. माझा तर सगळ्यांत मोठा. माय मात्र ओठ मिटून, थेंब थेंब पीत होती. कॅफेवाली मला म्हणाली, आईंना सांग, आवाज केल्याशिवाय चव नाही कळायची.

मी सांगितलं. मायनं चमचा खाली ठेवला. "तुह्या घरी चालत नाही, अन् इथं चालते काय वं?"

तिनं रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं.

आई काय म्हणाल्या, असं बाईनं विचारलं. काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. जीभ वळली नाही. मी घरी मायला असं पिऊ देत नाही, एवढं इंग्रजीत सांगितलं. सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

मायनं तेवढ्यात चमचा उचलला आणि असा भुरका मारला की कोपऱ्यातला कॉफी भाजणारा वळून बघायला लागला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लय कडू हाय. पण आपल्याकडची हाय, तू चांगलीच म्हणजो."

हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

बाईनं सगळी कॉफी पुन्हा एकदा, सावकाश चाखली आणि वर्षाचा माल घेतला. परतताना ट्रेनमध्ये मी मायचा चहा आणला आणि माफी मागायचं ठरवलं. जमलं नाही. कागदी कपाबरोबर बशी नव्हती. ती तो निवायची वाट बघत बसली.

आज आमची कॉफी तीन शहरांत विकली जाते. गावातलं एकही सावलीचं झाड तुटलेलं नाही.