जोडून टाकलेल्या दोन तारा

माझ्यासारख्याने लिहायला बसणं हा आगाऊपणाच — माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहायची सवय नाही. पण हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. जळगावला शिकता शिकता मी कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरचं काम बघायचो. ऑफिसात युनिक्सचं मशीन होतं. धुळे आणि पाचोऱ्याच्या शाखांनी संध्याकाळी फोन लावायचा, मोडेमने लाइन जुळली की पडद्यावर नाव-पासवर्ड द्यायचा आणि आलेल्या कापसाच्या गाठींच्या नोंदी भरायच्या. ही जोडणी बसवायचं काम माझ्याकडे.

बसेना. मोडेम शिट्ट्या मारायचा, पडदा कोरा. शेठजी मागे उभे. "काय इंजिनीअरसाहेब, मशीनला नवस बोलायचा का?" सगळे हसले. मग मी काय केलं? फोन चालू आहे की तुटला, हे मशीनला कळवणारी एक तार मोडेमच्या केबलमध्ये असते. ती मी कायम चालू राहणाऱ्या तारेला डाग देऊन जोडून टाकली. आता मशीनला सदा वाटणार, फोन जोडलेलाच आहे. पडद्यावर अक्षरं उमटली. शेठजींनी पेढे मागवले. मी खाल्ले.

पुढे पुस्तक वाचताना कळलं, मी काय करून ठेवलंय. लाइन मध्येच तुटली, तर मशीनला पत्ताच लागणार नव्हता. पुढचा फोन करणारा पासवर्डशिवाय आधीच्याच्या कामात जाऊन पडणार. कळलं — आणि मी पुस्तक मिटलं. पेढे खाऊन झाल्यावर कोण सांगतं?

धुळ्याच्या लाइनी कायम तुटायच्या. तिथे नोंदी भरायला शोभाताई होत्या. त्यांची लाइन तुटली, की कधी पाचोऱ्याच्या कारकुनाचा फोन लागायचा. समोर उघडा पडदा बघून, तो आपलाच समजून, बिचारा पाचोऱ्याच्या गाठी त्यात भरायचा. शोभाताईंच्या नावावर नोंदलेल्या गाठी धुळ्याच्या गोदामात सापडेनात. पाचोऱ्याचं गोदाम कुणी मोजलंच नाही. शोभाताईंचं ट्रकवाल्यांशी संगनमत, असं ठरलं.

त्यांना जळगावला बोलावलं. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तू शिकेल शे. तूच सांग ना शेठजीस्ले."

शेठजींनी मला विचारलं, मशीन चुकू शकतं का.

"मशीन चुकत नाही, शेठजी."

खोटं होतं का ते? मशीन चुकलंच नव्हतं — हीच हुशारी मी तेव्हा मनात घोळवली. तिची आज शिसारी येते. किती स्वच्छ, शिकल्यासवरल्या आवाजात बोललो मी! नोकरी गेलेल्या शोभाताईंनी पिशवी उचलली आणि बस गाठली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी केबल उघडली, दोन्ही तारा सोडवल्या, नीट पुन्हा लावल्या. बरोबर कसं लावायचं, ते तोवर मला येत होतं. त्याच हातांनी मग डबा उघडून जेवलो.

शेठजींनी पुढे माझा पगार वाढवला. तोही घेतला.

परवा साक्रीकडचा एक ओळखीचा भेटला. शोभाताई गेल्या, म्हणाला. अखेरपर्यंत तिकडच्या एका शाळेच्या ऑफिसात होत्या. कॉम्प्युटर बंद केल्यावरही काळ्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या, शेजारच्या बाईंना विचारायच्या — नीट बंद झाला ना? बाई चेष्टा करायच्या. तेव्हा त्या सांगायच्या, "धुळ्याला असताना एकदा माझ्याच हातून कॉम्प्युटर उघडा राहिला होता."