ढेकळाच्या रंगाचं जनावर

"हाय तसं राहू द्या," हे तिचं वाक्य. म्हणताना डाव्या हाताचं बोट वर व्हायचं. उजव्या हातातलं पेन मात्र चित्रं काढायच्या टॅबलेटवरून उचललं जायचं नाही.

नांदेडात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्या धंद्याची एक रीत तुम्हीही चौकाचौकांत पाहिली असेल: वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्सवर माणूस गोरा होतो. सांगावं लागत नाही, हात आपोआप रंग उजळवायच्या बटणाकडे जातो. ही पोरगी पहिल्यांदा दुकानात आली ती पासपोर्ट फोटो काढायला. फोटो हातात घेऊन तिने विचारलं, "ही कोण हाय, काका?"

"तूच की."

"मी न्हाई. माझी माय बी वळखायची न्हाई हिला."

मला खुर्चीवरून उठवून ती स्वतः कॉम्प्युटरसमोर बसली आणि आपला रंग परत आणला. तिचा हात बघूनच मी तिला कामावर ठेवलं.

रोज अर्धापूरहून एसटीने यायची. कुण्या पुढाऱ्याचे कार्यकर्ते 'साहेबांना जरा उजळवा' म्हणाले, की ही म्हणे, "साहेब वळखू तर येऊ द्या!" दोन गिऱ्हाइकं तुटली. मी चिडायचो; पण खरं सांगतो, आतून बरंही वाटायचं.

दुपारी काम नसलं की ती आपलं एक जनावर रंगवायची. धड रेड्याचं, कातडी घोरपडीची आणि पंख केळीच्या पानांचे, तेही वाऱ्याने चिरलेले.

"पंख तरी धड काढ," मी म्हणालो.

"केळ बघितली का कधी? पान चिरतं म्हून झाड उभं ऱ्हातं."

आधी सगळं करड्यात करायची. उजेड कुठून येतो, सावली कुठे बसते, एवढंच. ते मनासारखं झाल्याशिवाय रंगाला हात नाही. मग त्यावर पातळ थर, एकावर एक. एकदा तिने पिशवीतून शेतातलं ढेकूळ काढलं, बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि स्क्रीनशेजारी ठेवलं. "काळा रंग काळ्यानं होत न्हाई, काका." खरंच, तिच्या काळ्यात निळा होता, जांभळा होता, पाठीच्या कण्यावर जरासा तांबूस. कीबोर्डमध्ये माती गेली म्हणून मी ओरडलो, ते सोडा.

तिने पाठवलेलं ते जनावर बघून हैदराबादच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने तिला नोकरीसाठी भेटायला बोलावलं. चित्र मोठं छापून आणा, म्हणाले. घरच्यांनी एकदाच जायला हो म्हटलं होतं. जमलं नाही तर हा नाद सोडायचा. "तू तिकीट काढून ये, मी छापून ठेवतो," मी म्हणालो.

ती परत आली आणि फ्लेक्ससमोर उभी राहिली. माझा हात आपोआप गेला होता. जनावर पावडर लावल्यासारखं गोरं झालं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत छापायला धावलो तर लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, मशीन चालत नाही. गाडीला तास राहिला होता.

"तसंच ने, पोरी. त्यांना काय कळायलंय?"

"मला कळायलंय ना!"

तिने फ्लेक्स फरशीवर अंथरला. मशीनच्या शाईच्या बाटल्या मागितल्या, काळी, निळी, लाल. ओढणी कमरेला खोचली आणि चिंधीने, बोटांनी रंग भरायला बसली. शाईच्या वासाने माझे डोळे चुरचुरत होते. "इथं मागं घ्यायचं बटण न्हाई," एवढंच बोलली. हात थांबला नाही.

शाई ओली होती, गुंडाळता येईना. दोघांनी दोन टोकं धरून ते जनावर भर बाजारातून स्टेशनला नेलं. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "कुणाचा वाढदिवस हो?"

"ह्याचा!" ती म्हणाली.

डब्यात लोक कपडे सावरत कुरकुरले. ती दाराशी फ्लेक्स ताणून उभी राहिली आणि गाडी हलली. माफी मागायची माझी राहूनच गेली.

कंपनीवाल्यांनी तिला कामावर ठेवून घेतलं. ती आता तिकडेच असते. फ्लेक्सच्या कडेबाहेर गेलेली तिची शाई माझ्या फरशीवर पक्की बसली आहे आणि मध्ये एक कोरी चौकट आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, ॲसिडने घासा, निघेल. निघेलही. पण त्या चौकटीवर मी अजून साधी खुर्चीसुद्धा ठेवू दिलेली नाही.