तिरका बसलेला डायल गेज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. रूममेटला नाही, आईला तर नाहीच. आत्ताही दोनदा टाइप करून पुसलं. पण तुला सांगतो, एका दमात, नाहीतर परत राहील.

सत्त्याण्णवची गोष्ट. महादेवपुऱ्यात शंकरअण्णांचं छोटं वर्कशॉप आहे. अण्णा टर्नर, लेथवर काम करणारे; त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलंच मराठी. मी नागपूरहून आलेला, सॉफ्टवेअरवाला. दर रविवारी आम्ही दोघं एक मशीन बनवायचो — जुना पीसी आकडा देणार, मोटर टेबल सरकवणार, भोकं आपोआप पडणार! किती भारी वाटायचं माहितीये?

टेबल सांगितलं तेवढंच सरकतं का, हे तपासायचं काम माझं. डायल गेज, म्हणजे सरकलेलं अंतर काट्यानं दाखवणारं घड्याळासारखं माप, टेबलाला टेकवायचा, दहा मिलिमीटर सरकवायचं, काटा बघायचा, तो दहावर येईपर्यंत प्रोग्रॅममधला आकडा बदलायचा. मी केलं. काटा बरोब्बर दहावर! मी नाचलो अक्षरशः.

मग मशीनवर पहिली पट्टी केली, शंभर मिलिमीटरवर दोन भोकं. अण्णांनी त्याच मापानं हातानं केलेल्या प्लेटवर ठेवली — दुसरा बोल्ट जाईचना.

अण्णांनी व्हर्नियर लावून अंतर मोजलं. चष्मा पुसला. परत मोजलं. "माझी प्लेट सरीच आहे, बरोबर आहे की रे. तुझं मशीन स्वल्प कमी सरकतंय काय?"

आणि मी — का बोललो मी असं? — म्हणालो, "अण्णा, कंप्युटर कसा चुकेल? तुम्ही डोळे दाखवून घ्या एकदा."

त्यांचे वडील म्हातारपणी आंधळे झाले होते. मला माहीत होतं. ऐक — माहीत होतं.

त्यांनी व्हर्नियर डबीत ठेवला, फक्त.

पुढच्या रविवारी, ते चहा आणायला गेले तेव्हा, मला दिसलं. डायल गेज किंचित तिरका बसलेला. म्हणजे काटा दहा दाखवत होता आणि टेबल त्याहून कमी सरकत होतं. दहावर फरक कळत नाही, शंभरवर जवळजवळ अर्धा मिलिमीटर. मी गेज सरळ केला, आकडा बदलला, नवी पट्टी केली. अण्णांच्या प्लेटवर बोल्ट सर्रकन गेला. ते यायच्या आत मी ती पट्टी खिशात घातली.

सांगायला एक मिनिट लागलं असतं. नाही सांगितलं. घाबरलो — मला ते काय म्हणतील?

अण्णा डॉक्टरकडे गेलेच नाहीत. तिथं काय ऐकावं लागेल याची त्यांना भीती. बारीक मापाचं काम घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, "आता नजर नाही राहिली बाबा."

दोन वर्षं झाली. अजून जातो मी तिकडे. संध्याकाळी आनेकलला मुलीकडे जायला निघाले की बसस्टॉपवर माझं कोपर धरतात. "बघ रे, कुठली आली?"

त्यांना दिसतं. मला माहितीये, त्यांना दिसतं.

मी पाटी वाचून सांगतो.