तात्यांच्या दहाव्याला लावलेला लॉक

आता हसू नका, दहाव्याची गोष्ट आहे. पण त्या दिवशी मी जी माती खाल्ली, ती सांगितल्याशिवाय हा चहा काही घशाखाली उतरायचा नाही.

माझे चुलते तात्या गेले. निफाडला द्राक्षबाग, थोडा ऊस. भला माणूस हो! तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, कधी चिखलात रुतला नाही. आणि मी कोण? अंबडच्या कारखान्यात गिअर तपासणारा. नवी फोर बाय फोर गाडी घेतली, तेव्हा या माणसाला मी ओट्यावर बसवून डिफरेन्शियल लॉक शिकवला होता!

"तात्या, एक चाक चिखलात नुसतं फिरत राहिलं, तर दुसऱ्याला जोर मिळत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतात."

तात्या शांतपणे म्हणाले, "ट्रॅक्टरला हाय ना ते. पण दिन्या, वळायच्या आधी काढत जा. नायतर गाडी सरळच पळती."

मी हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी अवकाळी कोसळला. नदीकडच्या गाडीवाटेवर पाय ठरेना. सगळे चपला हातात घेऊन निघाले. मी म्हटलं, "काकू, तुम्ही, गुरुजी आणि पिंडाचं सामान, सगळं माझ्या गाडीत. चालता कशाला?"

काकू दहा दिवसांत नीट जेवली नव्हती. तिला एकच घोर. "कावळा शिवला म्हणजे झालं रे. त्यांचं मन कशात अडकलेलं नसावं."

लॉक लावला. गाडी चिखलातून काय गेली म्हणता! गुरुजींनीसुद्धा मान डोलावली. मग घाटाकडचं वळण आलं. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी सरळ! सरळ म्हणजे थेट उसाला पाणी नेणाऱ्या चारीत!

आता शहाण्यानं थांबावं की नाही? मी अॅक्सिलरेटर दाबला. चाकं खाली, चिखल वर. मागून ढकलायला आलेली पांढऱ्या कपड्यांतली भावकी डोक्यापासून पायापर्यंत काळी.

"लॉक काढ की!" तात्यांचा मुलगा बाळू ओरडला.

"अरे, लॉकमुळेच इथवर आलो ना!"

"म्हणूनच वळली नाय!"

शेवटी बाळूनं तात्यांचाच ट्रॅक्टर आणून मला ओढून काढलं.

घाटावर पिंड मांडले. कावळे झाडावर, पण एकही खाली येईना. बाळू म्हणाला, "तात्या, बाग विकणार नाय." नाही. "आईला अंतर देणार नाय." तरी नाही. ऊन चढलं. काकू पिंडासमोरून हलेना. मला ते बघवेना.

मी पुढं झालो, हात जोडले. "तात्या, तुमचंच खरं होतं. वळायच्या आधी लॉक काढायचा असतो. मी तुम्हाला शिकवायला नको होतं. चुकलो."

आणि कावळा आला की हो खाली!

काकूनं पदर तोंडाला लावला. रडत होती, हसतही होती. "लय लागलं होतं त्यांच्या मनाला," म्हणाली.

तेव्हापासून भावकीत कुठंही दहावा असो, कावळा अडून बसला की मला फोन येतो. "दिनेशभाऊ, या लवकर, एखादी चूक कबूल करा."

आणि ठेवता ठेवता सांगतात, "पण एसटीनं या."